सीझर, कैसर आणि जयगाव

यंदा दिवाळी ऑक्टोबरात की नोव्हेंबरात, हे पाहण्यासाठी घरोघर दिनदर्शिका उलटली जाते. त्या वेळी आपण लॅटिन बोलत असतो, हे मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही. लॅटिन ‘ऑक्टो’ म्हणजे आपले अष्ट, ‘नोवेम’ म्हणजे नव. जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून हे महिने आठवा आणि नववा. दहाला रोमन माणूस ‘देकेम’ म्हणे. आपण मात्र ‘डिसेंबर’ म्हणतो, कारण हे नाव आपल्या घरी इंग्रजाचे बोट धरून आले.

येथूनच वादाला तोंड फुटते. रोमचा तो थोर वक्ता सिसरो, चिचेरो की किकेरो? पहिला उच्चार इंग्रजांचा, दुसरा चर्चमधल्या लॅटिनचा, तिसरा प्राचीन रोमचा. प्राचीन उच्चाराचा पुरावा भक्कम आहे. ग्रीकांनी ही नावे आपल्या लिपीत ‘क’ घालूनच लिहिली. जर्मनांचा ‘कैझर’ हा शब्द ‘कैसर’चाच वारस. अटकजवळ आरा येथे सापडलेल्या खरोष्ठी लेखात कनिष्क नावाच्या कुषाण राजाच्या बिरुदांतही अभ्यासकांनी ‘कैसर’ वाचले आहे.

एवढे वाचून काही मंडळींना चेव येतो. ‘सीझर’ म्हणणारा त्यांना अडाणी वाटतो. मला ही टीका मान्य नाही. ‘क’चा ‘च’ झाला तो कोणाच्या अज्ञानाने नव्हे. इ आणि ए हे स्वर जीभ टाळूकडे ओढतात. त्यांच्या शेजारी इटलीत ‘क’चा हळूहळू ‘च’ झाला, फ्रान्सात ‘स’ झाला, आणि फ्रान्सातून तो इंग्लंडात गेला. याचा पडताळा पाहायला रोमला जायला नको. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, पण पहिला ‘च’ दातांशी आणि दुसरा टाळूशी. आपल्यालाही ‘ई’ने ओढलेच की!

आमच्या खानदेशात तर हा धडा रोज ऐकू येतो. अहिराणी बोलणारा मुलगा ‘जळगाव’ला ‘जयगाव’ आणि ‘शाळे’ला ‘शाया’ म्हणतो. नंदुरबारच्या एका वर्गात असा एक मुलगा रोमचा धडा वाचताना ‘काळ’ या शब्दाला ‘काय’ म्हणाला. वर्ग हसला आणि, सांगायला लाज वाटते, मीही हसलो. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने वाचायला हात वर केला नाही. त्याच तासाला मी मात्र बिनदिक्कत ‘सीझर’ म्हणत होतो. किकेरोच्या कानाला माझा उच्चार कसा वाटला असता? फरक एवढाच, की माझ्या चुकीमागे इंग्रजांचे साम्राज्य उभे होते आणि त्याच्यामागे फक्त त्याची आई.

मग लेखकाने लिहावे तरी काय? शेक्सपिअरच्या नाटकात ‘सीझर’च हवा, तेथे तो इंग्रजच आहे. न्यायालयात ‘हेबिअस कॉर्पस’ रुळले आहे, तेथे वकिलाला ‘हाबेआस’ म्हणायला लावू नये. पण रोमवर नवे पुस्तक लिहिताना जी नावे आपल्याकडे रुळलेली नाहीत, ती प्राचीन उच्चाराने लिहावीत. देवनागरीला ते सोपे आहे. रोमनांचा ‘विर’, म्हणजे पुरुष, हा आपल्या ‘वीर’चा भाऊबंद, आणि त्यातला ‘व’ इंग्रजांच्या ‘व्ही’पेक्षा आपल्या ‘व’ला जवळचा. मात्र एका पुस्तकात एकच नियम असावा, आणि तो आरंभीच सांगावा.

उच्चार शिकवावा, जरूर शिकवावा. प्रमाणभाषेचा ‘ळ’ही शिकवावा. पण हसून नव्हे. ज्या जिभेने ‘जळगाव’चे ‘जयगाव’ केले, तशाच जिभांनी लॅटिनमधून इटालियन आणि फ्रेंच घडवल्या.