संशोधन-आराखडा : विषय आणि प्रश्न

बौद्ध अध्ययनाच्या विद्यार्थ्यांचे संशोधन-आराखडे वाचताना एक दोष आम्हांस वारंवार आढळतो. ‘बौद्ध धम्म आणि समाज : एक चिकित्सक अभ्यास’ अशा शीर्षकात विषय असतो, प्रश्न नसतो, मग ‘हा प्रचार आहे’ असा शेरा मारणे परीक्षकास सोपे जाते.

चिखलीच्या विद्यार्थ्यास शेलारवाडीची लेणी जवळ आहेत. तेथील ब्राह्मी लेखात धेनुकाकटच्या शेतकरी कुटुंबातील एका स्त्रीने दिलेल्या लेण्याची नोंद आहे; कार्ल्याच्या लेखांतही धेनुकाकटचे दाते, त्यांत यवनही, भेटतात. हे दाते आपली ओळख गावाने देतात, व्यवसायाने की नात्याने? प्रश्न असा नेमका असला की साधने व मर्यादा ठरविता येतात.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधाच्या शीर्षकातच यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हे तीन शोध वेगळे मांडले होते. आमच्या विद्यार्थ्यांनी तोच कित्ता गिरवावा.