नाम आणि नामी : आज्ञावलीतील एक जुना पेच

‘रोहा कुंडलिकेच्या काठी आहे’ आणि ‘रोहा आकारान्त आहे’ या दोन वाक्यांत शब्द एकच. परंतु पहिल्यात गाव अभिप्रेत आहे, दुसऱ्यात निव्वळ शब्द. व्याकरणशास्त्रात शब्दाने स्वतःच्या रूपाचाच बोध करून द्यावा, संज्ञा तेवढ्या अपवाद, असा दंडक पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील ६८व्या सूत्रात घालून दिला. प्रत्यय लावावयाचा तो ‘अग्नि’ या शब्दास, निखाऱ्यास नव्हे.

पायथनसारख्या संगणकभाषांत ही सीमा आज्ञावली चालू असतानाच ओलांडता येते. ‘गेटअ‍ॅट्र’ या फलनास अक्षरांची माळ द्यावी, की वस्तूच्या ठायी असलेले त्या नावाचे चल अथवा मेथड हाती येते. सामान्यरूपे सिद्ध करणारी आज्ञावली घ्या. ‘रूप_’ यास ‘आकारान्त’ जोडून मेथडचे नाव जुळवले, की रोहाचे ‘रोह्या’ होते. ‘ईकारान्त’ जोडले, की शेतकरीचे ‘शेतकऱ्या’. नव्या वर्गासाठी मूळ भागास हात लावावा लागत नाही. ही सोय मोहक आहे, यात शंका नाही.

परंतु मेथड जेथे वापरली जाते, तेथे तिचे नाव अखंड असे कोठेच नसते. शोधणाऱ्यास केवळ व्याख्या सापडते. निरुपयोगी समजून तो ती पुसून टाकील. देवनागरीत तर पेच अधिक सूक्ष्म आहे. पायथन ३ मध्ये चलास देवनागरी नाव देता येते. समजा, ते ‘शेतकऱ्या’ आहे. त्यातील ‘ऱ’ एका संकेतांकाने साठवता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. डोळ्यास भेद दिसत नाही. आज्ञावलीत प्रत्यक्ष लिहिलेले नाव पायथन वाचतानाच एका प्रमाणरूपात आणते. ‘गेटअ‍ॅट्र’ला दिलेली माळ मात्र जशीच्या तशी राहते. मग डोळ्यांसमोर असलेले नाव अस्तित्वातच नाही, असे उत्तर मिळते! शब्दाचे ‘स्वरूप’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक उरत नाही.

पर्लने ‘स्ट्रिक्ट’ शिस्तीखाली माळेवरून चलापर्यंत पोचण्यास मनाई केली. पीएचपीने दोन डॉलरचिन्हांची वाट खुली ठेवली. प्रस्तुत लेखकाचा कौल पर्लकडे आहे. मेथडपुरते ‘गेटअ‍ॅट्र’ वर्ज्य मानण्याचे कारण नाही. मात्र माळ प्रमाणरूपात आणून मान्य नावांच्या लिखित यादीशी ताडून पाहावी. गावांची रूपे तर चलांच्या नावांत न कोंबता कोशातच ठेवावीत. काही जण ‘रोहा’ न म्हणता ‘रोहे’ म्हणतात; कोशात नोंदी दोन होतील, मूल्य दोहोंचे ‘रोह्या’च.