मडके, पेटी आणि कर्णा

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. संतमंडळीतील कोणते मडके कच्चे, हे त्यांनी प्रत्येकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले व नामदेवांना कच्चे ठरविले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिचा आध्यात्मिक अर्थ पुष्कळ सांगितला गेला आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेला कुंभाराचा व्यवहार ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनेही यथार्थ आहे. पक्क्या मडक्याच्या भिंतीतील कंप लवकर विरत नाही, म्हणून ते खणखणते. कच्च्या मडक्यात कंपाची ऊर्जा द्रव्याच्या अंतर्गत घर्षणात जिरते, म्हणून ते बद्द वाजते.

ही कसोटी वाद्याला साजेशी आहे. गोंधळ्याच्या तुणतुण्यात तारेचा कंप तळाच्या कातड्याला व पोकळ लाकडी नळकांड्यातील हवेला मिळतो, आणि त्या साऱ्यांचा मिळून नाद सिद्ध होतो. तेथे पात्र हे नादाचे अंग होय. ध्वनिवर्धकाच्या पेटीचे कार्य नेमके उलट आहे. तिने स्वतः बोलू नये, दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे जाऊ द्यावे. ‘उत्तम सागवानाची पेटी म्हणजे उत्तम आवाज’ या समजुतीत वाद्याचा गुण पेटीला चिकटविलेला आहे. गोरोबांच्या थापटण्याखाली जी कच्ची ठरेल, तीच पेटी पक्की.

पेटीची गरज का पडते? शंकू पुढे सरकताना समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. पेटी नसल्यास हे दोन परस्परविरुद्ध तरंग, विशेषतः खालच्या स्वरांत, एकमेकांस नष्ट करतात. बंद पेटी मागचा तरंग कोंडते. बेल प्रयोगशाळेतील थुरास यांना १९३२ साली पेटंट मिळालेल्या रचनेत पेटीला छिद्र ठेवून, घागरीच्या तोंडाशी घुमणाऱ्या हवेप्रमाणे, त्याच तरंगाचा उपयोग करून घेतला जातो. भिंतीचा प्रश्न निराळा. ती केवळ ताठ केल्याने तिचा अनुनाद नाहीसा होत नाही. तो वरच्या, कानाला अधिक जाणवणाऱ्या पट्टीत सरकतो. म्हणून बी. बी. सी.च्या अभियंत्यांनी पातळ प्लायवुडला आतून कंप जिरविणारा थर देण्याची रीत पत्करली. हार्वुड व मॅथ्यूज यांच्या १९७७ च्या अहवालात या प्रश्नाची मीमांसा आहे.

या विवेचनाचा लोकसंगीताच्या समीक्षेशी निकटचा संबंध आहे. तुळजाभवानीचा गोंधळ कर्ण्यातून ऐकून गोंधळ्याचा गळा ‘कर्कश’ व संबळ ‘कोरडा’ ठरविणारा समीक्षक कोणाविषयी बोलत असतो? ज्याच्या मुखाचा व्यास ४० सेंटिमीटर आहे, अशा कर्ण्याचा परीघ सुमारे १२६ सेंटिमीटर भरतो. तेवढ्या तरंगलांबीचा स्वर सुमारे २७० हर्ट्झचा; त्याखाली कर्ण्याची शक्ती झपाट्याने घटते. पुरुषाच्या गळ्याचे मूलस्वर व संबळाच्या खर्जाच्या अंगाची घुमक बहुतांशी याच प्रदेशात असते. उपस्वरांवरून कान मूलस्वराची उंची ओळखतो, त्यामुळे चाल बिघडल्यासारखी वाटत नाही. हरवतो तो आवाजाचा देह. त्यातच पत्र्याच्या भिंतीचा स्वतःचा झणत्कार मिसळतो. अशा वेळी दोष कर्ण्याचा, आणि निकाल मात्र गोंधळ्याविरुद्ध लागतो.

कर्ण्याची निंदा येथे अभिप्रेत नाही. दूरवर पसरलेल्या समुदायापर्यंत शब्द पोहोचविणे हे त्याचे काम, आणि ते तो थोड्या विद्युत्शक्तीत चोख बजावतो. आक्षेप आहे तो श्रवणाची साधने न सांगता दिलेल्या अभिप्रायावर. हस्तलिखिताच्या अभ्यासकाला कोणती प्रत पाहिली हे सांगावे लागते. गोंधळाच्या अभ्यासकानेही तो समोर बसून ऐकला की कर्ण्यातून, ध्वनिमुद्रण असल्यास मायक्रोफोन वाद्यापासून किती अंतरावर होता आणि ते कोणत्या ध्वनिवर्धकावर ऐकले, हे नोंदविले पाहिजे. एरवी नामदेवांऐवजी थापटण्यालाच कच्चे म्हणण्याची वेळ यावयाची.