अपराधी वाटणे, दोषी ठरणे

धंतोलीत रुग्णालयांची दाटी आहे. तिथल्या बाकांवर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘‘थोडं आधी आणायला हवं होतं.’’ मीही ते म्हटले आहे. वडिलांच्या छातीत दुखू लागले तेव्हा पित्त असेल असे समजून मी एक रात्र काढली. सकाळी उशीर झाला होता. माझ्यावर कोणी आरोप केला नाही. तरी त्या रात्रीचा हिशेब मिटत नाही.

मराठीने हा फरक क्रियापदांतच जपला आहे. माणसाला अपराधी ‘वाटते’, पण तो दोषी ‘ठरतो’. वाटण्याला साक्षीपुरावा लागत नाही. ठरण्यासाठी दुसरे कोणीतरी लागते. ‘गुन्हा’ हा शब्द तर फारसी ‘गुनाह’वरून आलेला. हिंदी-उर्दूत त्याला अजून पापाचा वास आहे. मराठीत तो पोलीस ठाण्यात ‘दाखल’ होतो. 1956पर्यंत मराठी-हिंदी प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात दोन्ही अर्थ एकाच दिवशी कानांवर पडतात.

हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले की काय होते, हे पाहण्यासाठी मी विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुन्हा वाचले. 1967 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात एक हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करते आणि लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवते, कलम 302. नाटकाची चर्चा बहुधा मध्यमवर्गीय ढोंगाभोवती फिरते. मला त्या आकड्यापाशी थांबावेसे वाटते. 302 हे खुनाचे कलम. गर्भपातासाठी तेव्हाच्या दंड संहितेत 312पासून वेगळी कलमे होती. सुखात्मे वकील असूनही त्यांना ही विसंगती खटकत नाही, कारण या कोर्टाला कृत्य तपासायचेच नाही. कायदा विचारतो, काय केले आणि कोणत्या हेतूने? 1872च्या पुरावा कायद्याने तर आरोपीचे वाईट चारित्र्य सर्वसाधारणपणे गैरलागू मानले होते. काशीकरांच्या कोर्टात मात्र तोच सारा पुरावा : बाई कशी वागते, लग्न का झाले नाही. शेवटी भ्रूणहत्येच्या आरोपीला शिक्षा होते ती गर्भ नष्ट करण्याची. जो आरोप, तीच शिक्षा.

बचावाचे वकील व्हायचे होते ते प्रोफेसर दामले आलेलेच नाहीत. बेणारेला दिवस गेले आहेत ते त्यांच्यापासूनच. ज्याला अपराधी वाटायला हवे तो गैरहजर, आणि जी हजर आहे तिला दोषी ठरवून अपराधी वाटायला लावण्याची सर्वांना घाई. मग ‘खेळच होता’ असे म्हणून मंडळी मोकळी होतात. तिला मात्र त्यातून उठता येत नाही.

मला कधीकधी वाटायचे, कोणीतरी माझाही खटला चालवावा, दोषी किंवा निर्दोष असा निकाल देऊन टाकावा. नाटक पुन्हा वाचल्यावर त्या इच्छेची भीती वाटली. मनातल्या अपराधाचा निवाडा करायला बसणारे कोर्ट काशीकरांचेच असणार. त्याला कृत्य सापडत नाही, म्हणून ते माणूसच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करते. कायदा अशा ठिकाणी गप्प बसतो, ही त्याची उणीव नव्हे. त्या रात्रीचा हिशेब माझ्याकडेच राहू दे.