घराची जाहिरात आणि घराची नोंद : तुलनेच्या भाषेचा विचार

१

निवडीच्या मुळाशी तुलना असते आणि तुलनेच्या मुळाशी समान मान असते. ज्या मापाने एक वस्तू मोजली त्याच मापाने दुसरी मोजली गेली नाही, तर तुलनेचा केवळ आभास निर्माण होतो. हे तत्त्व इतके उघड आहे की ते मुद्दाम सांगण्याचे कारण पडू नये. तथापि घरांच्या खरेदीविक्रीसाठी गेल्या वीस वर्षांत जी संकेतस्थळे महाराष्ट्रातील शहरांत रूढ झाली, त्यांच्या भाषेचे परीक्षण करू लागले असता या साध्या तत्त्वाचीच तेथे पदोपदी उपेक्षा झालेली आढळते. सामान्य कुटुंब आपल्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा व्यवहार करण्यापूर्वी जो मजकूर वाचते, तो हा होय. व्यापाराचा विषय म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरविणे इष्ट नाही.

या साधनांनी केलेले कार्य आरंभीच मान्य केले पाहिजे. '९९ एकर्स' २००५ साली सुरू झाले. 'हाउसिंग डॉट कॉम' आणि 'नोब्रोकर' त्यानंतरच्या दशकातील. तत्पूर्वी घर शोधणारा मनुष्य वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती, ओळखीपाळखी आणि दलाल यांवर सर्वस्वी अवलंबून असे. दलाल जी तीन घरे दाखवील तीच त्याच्या दृष्टीने बाजारातील घरे. आज सांगलीत किंवा नागपुरात बसलेल्या गृहस्थास पुण्याच्या कोथरूड आणि वाकड या दोन भागांतील शेकडो घरे, त्यांच्या किमती, छायाचित्रे व नकाशावरील स्थाने एका बैठकीत पाहता येतात. माहितीवरील मक्तेदारी मोडली हे निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, जी माहिती मिळाली तिच्या आधारे तुलना करता येते काय?

२

या जाहिरातींची वाक्यरचना प्रथम लक्षात घ्यावयास हवी. 'प्रशस्त टू बीएचके, हवेशीर, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, सर्व सुखसोयींनी युक्त' हा तिचा प्रातिनिधिक नमुना म्हणता येईल. या मजकुरात क्रियापद नाही. आणि क्रियापद नसल्यामुळे कर्ताही नाही. घर प्रशस्त आहे असे कोणी म्हटले, पाच मिनिटे कोणी मोजली, ती पायी की वाहनाने, सकाळच्या गर्दीत की मध्यरात्री, यांपैकी कोणत्याच प्रश्नाचा उच्चारही तेथे होऊ शकत नाही. भारतीय शब्दविचाराने वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या. जाहिरातीत सन्निधी भरपूर असते, शब्द एकमेकांस खेटून बसलेले असतात. परंतु आकांक्षा अपुरीच राहते. ती पुरी करण्याचे काम वाचकाच्या इच्छेवर सोपविलेले असते.

याउलट घराच्या खरेदीखताची मराठी पाहावी. तेथे 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन पक्ष नामनिर्देशाने उभे असतात. 'लिहून देतो' या क्रियापदास कर्ता आहे, त्या कर्त्याची स्वाक्षरी आहे आणि विधान खोटे ठरल्यास त्याचे परिणाम भोगण्याची तयारीही त्यात गृहीत आहे. ही भाषा रुक्ष आहे, पुनरुक्तीने भरलेली आहे, वाचावयास कंटाळवाणी आहे. परंतु ती कोणीतरी बोलत आहे. जाहिरातीची भाषा कितीही मोहक असली तरी ती कोणीच बोलत नाही. काव्यात व्यंजना अर्थाची समृद्धी करते. व्यवहाराच्या भाषेत ती बहुधा जबाबदारीची कपात करते. या दोन भाषांतील भेद शैलीचा नसून उत्तरदायित्वाचा आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा आधार हाच भेद होय.

३

विशेषणांच्या बाबतीत वाचक काहीसा सावध असतो; आकड्यांच्या बाबतीत तो नसतो. म्हणून खरी अडचण 'प्रशस्त' या शब्दाने होत नाही, 'एक हजार चौरस फूट' या शब्दांनी होते. घराचे क्षेत्रफळ 'कार्पेट', 'बिल्ट-अप' आणि 'सुपर बिल्ट-अप' अशा निरनिराळ्या मापांनी सांगण्याची रीत बांधकाम व्यवसायात पडली. पहिल्यात घरातील वापराची जमीन मोजली जाते. दुसऱ्यात भिंती व बाल्कनी यांची भर पडते. तिसऱ्यात जिना, उद्वाहन, प्रवेशदालन अशा सामाईक जागांचा वाटाही मिसळला जातो, आणि तो किती मिसळावा याचे प्रमाण विक्रेता ठरवितो.

उदाहरणादाखल दोन काल्पनिक घरे घेऊ या. दोघांचीही किंमत ९० लाख रुपये. पहिल्याचे क्षेत्रफळ १,००० चौरस फूट दिले आहे, दुसऱ्याचे ७५०. तक्त्याच्या हिशेबाने पहिल्याचा दर चौरस फुटास ९,००० रुपये आणि दुसऱ्याचा १२,००० रुपये होतो. म्हणजे पहिले घर स्वस्त. परंतु पहिला आकडा सुपर बिल्ट-अप असून त्यात कार्पेटवर ४० टक्के भर घातलेली असेल आणि दुसरा आकडा निव्वळ कार्पेटचा असेल, तर पहिल्या घरात प्रत्यक्ष वापराची जागा सुमारे ७१४ चौरस फूट उरते व तिचा दर १२,६०० रुपये पडतो. स्वस्त घर महाग ठरते. येथे कोणताही आकडा खोटा नव्हता. दोन आकडे एका रकान्यात बसविणे एवढेच चुकीचे होते. तक्ता हा स्वतःच एक विधान करीत असतो. एका रकान्यात आलेल्या गोष्टी एकजातीय आहेत, हे ते न उच्चारलेले विधान. आणि तेच येथे असत्य असते.

ही अनवस्था संपविण्याचा प्रयत्न कायद्याने केला. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या बांधून दिली : घरातील निव्वळ वापरयोग्य जमीन, बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे उभे मार्ग, त्या घरापुरती असलेली बाल्कनी व खुली गच्ची वगळून, मात्र आतील विभाजक भिंती धरून. वाङ्मयसमीक्षेच्या परिभाषेत बोलावयाचे तर विधिमंडळाने एका शब्दाची व्यंजना काढून घेऊन त्यास अभिधेत कोंडले. मराठीत मात्र एक गुंतागुंत शिल्लक आहे. 'कार्पेट'साठी योजिलेला 'चटई क्षेत्र' हाच शब्द 'चटई क्षेत्र निर्देशांक' या संज्ञेतही येतो, आणि तेथे तो भूखंडाच्या प्रमाणात अनुज्ञेय असलेले एकूण बांधकाम सुचवितो. एकाच शब्दाने दोन भिन्न मापे दाखविली जावीत, हा परिभाषेचा दोष किरकोळ नव्हे.

शिवाय या व्याख्येची हुकमत सर्वत्र चालत नाही. अधिनियम मुख्यतः प्रवर्तकाच्या प्रकल्पांस लागू होतो. ज्याने पूर्वीच घर घेतले आहे तो ते पुन्हा विकू लागला की त्याची जाहिरात या बंधनाबाहेर पडते. परिणामी एकाच संकेतस्थळावर, एकाच शोधाच्या उत्तरात, व्याख्येने बांधलेला आकडा आणि मोकाट आकडा शेजारीशेजारी उभे राहतात.

४

क्षेत्रफळानंतर किमतीचा विचार ओघानेच येतो. अनेक संकेतस्थळे विशिष्ट भागातील घरांचा सरासरी दर वा अंदाजी किंमत दाखवितात. हा अंदाज कोणाचा? गणितयंत्राचा, असे उत्तर देण्यात येते. परंतु यंत्र हा उत्तरदायी वक्ता नव्हे. या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद दाखला अमेरिकेत सापडतो. तेथील 'झिलो' या कंपनीने २००६ पासून घरोघरची अंदाजी किंमत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. जोवर हा आकडा केवळ वाचण्यासाठी होता तोवर त्यातील चूक इतरांच्या पदरी पडत होती. २०१८ मध्ये कंपनी स्वतःच घरे विकत घेऊन पुन्हा विकू लागली, आणि २०२१ च्या आरंभी काही शहरांत हाच अंदाज तिने आपल्या खरेदीचा प्राथमिक देकार म्हणून पुढे केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात किमतींचे भाकीत अपेक्षेहून फार अनिश्चित असल्याचे कारण देऊन तिने हा व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली. एका तिमाहीत साठ्यातील घरांचे मूल्य ३० कोटी डॉलरांहून अधिक घटवून दाखवावे लागले. व्यवसाय बंद पडला, परंतु अंदाज प्रसिद्ध करणे थांबले नाही. आकड्यामागे बोलणारा उभा राहिला तेव्हाच त्या आकड्याचे वजन कळले, हा त्यातील बोध होय.

५

चाळणीचा विचार याहून गंभीर आहे. किंमत, खोल्या, मजला यांबरोबरच भाड्याच्या घरांसाठी 'कुटुंब' आणि 'अविवाहित' असेही पर्याय संकेतस्थळांवर असतात. जाहिरातीच्या मजकुरात 'फक्त शाकाहारी' हे शब्दही आढळतात. पूर्वी घरमालक वा सोसायटीचा चिटणीस तोंडावर नकार देत असे. तो नकार अपमानकारक होता, परंतु त्यास चेहरा होता, त्यास 'का?' असे विचारता येत होते. चाळणीत हा नकार नाहीसा होत नाही, केवळ अदृश्य होतो. ज्यास घर द्यावयाचे नाही त्यास ते घर दिसतच नाही, आणि आपणांस काही नाकारले गेले याची वार्ताही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. क्रियापदहीन भाषेचे हे टोकाचे रूप म्हणावे लागेल : जाहिरातीत वक्ता नव्हता, येथे उच्चारही नाही. संकेतस्थळांनी ही वृत्ती निर्माण केली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ती समाजात होतीच. त्यांनी तिला तटस्थतेचे रूप दिले, आणि सामाजिक बहिष्कार व तिसऱ्या मजल्याची आवड या दोहोंना एकाच मापाच्या चौकटी दिल्या.

उत्तरांच्या क्रमासही हेच लागू पडते. शोधाअंती वर दिसणारे घर सर्वांत योग्य असते, अशी वाचकाची स्वाभाविक समजूत होते. वस्तुतः पैसे भरून वरचे स्थान मिळविण्याची सोय या व्यवसायाचा प्रस्थापित भाग आहे. क्रम हेही एक विधानच. त्याचा कर्ता कोण हे मात्र बारीक अक्षरांत असते.

६

मग विश्वसनीय तुलनेचा मार्ग कोणता? तो संकेतस्थळांच्या बाहेर, पण त्याच पडद्यावर उपलब्ध आहे. महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजेच महारेरा, २०१७ पासून प्रकल्पांची नोंदणी करते. प्रवर्तकाने मंजूर नकाशे, घरांची संख्या, पूर्णत्वाचा दिनांक ही माहिती तेथे द्यावयाची आणि दर तिमाहीस ती अद्ययावत करावयाची असते. जाहिरातीतील असत्य विधानावर विसंबून ज्याचे नुकसान झाले त्यास भरपाई मागण्याचा अधिकार अधिनियमाच्या १२ व्या कलमाने दिला. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही महारेराने बंधनकारक केले. म्हणजे विशेषणापासून नोंदीपर्यंतचे अंतर एका कृतीवर आले.

जुन्या घरांसाठी नोंदणी व मुद्रांक विभागाची सूची क्रमांक दोन आहे. तिचे रकाने अस्सल मराठी आहेत : विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्तऐवज करून देणाऱ्या व करून घेणाऱ्या पक्षकारांची नावे, दिनांक. जाहिरातीत मागितलेली किंमत असते; सूचीत दिलेली किंमत असते. पहिली इच्छा आहे, दुसरी घटना आहे. एकाच इमारतीतील दोन-तीन घरांच्या सूची शेजारी ठेवल्या असता जी तुलना घडते ती कोणत्याही रंगीत तक्त्यात घडत नाही. चौरस मीटरचे चौरस फूट करण्यास १०.७६४ ने गुणावे लागते, एवढाच काय तो श्रम.

येथे एक शंका उपस्थित होईल : नोंदही खोटी असू शकते. असू शकते, आणि महाराष्ट्राने ते पाहिले आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या सादर करून महारेराची नोंदणी मिळविण्यात आल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या इमारतींत घरे घेणाऱ्या कुटुंबांनी नोंदणी क्रमांकावर भरवसा ठेवला होता. दस्तात लिहिलेला मोबदला हाच संपूर्ण व्यवहार असतो, असेही नेहमी म्हणता येत नाही. यावरून नोंदीचे महत्त्व कमी होत नाही; नोंद हीसुद्धा एक विधान आहे आणि तिची सत्यता दुसऱ्या स्वतंत्र नोंदीशी ताडून पाहावी लागते, एवढे सिद्ध होते. प्रवर्तक म्हणतो परवानगी आहे. ती देणारी महापालिका काय म्हणते? घराशी घर ताडण्यापूर्वी विधानाशी विधान ताडावयाचे, हा क्रम संशोधकाच्या परिचयाचाच आहे. हस्तलिखिताचा पाठ निश्चित करताना तो एका प्रतीवर विसंबत नाही, आणि सुंदर अक्षरातील प्रत ती शुद्ध प्रत असे मानीत नाही.

घराचे असे पुष्कळ काही आहे जे जाहिरातीतही येत नाही आणि नोंदीतही येत नाही. दुपारी कोणत्या खोलीत ऊन येते, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर मागवावे लागतात काय, जिन्यात भेटणारी माणसे कशी आहेत, हे उंबरठा ओलांडल्याखेरीज कळत नाही. संकेतस्थळांनी तसा दावा करू नये, आणि वाचकाने त्यांच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये. त्यांच्याकडे मागावयाचे ते याहून थोडे, परंतु अधिक निश्चित आहे. प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी छापल्या जाव्यात : हा आकडा कोणी सांगितला, कोणत्या दिवशी सांगितला आणि कोणत्या व्याख्येने मोजला. या तीन रकान्यांनी जाहिरातीस तिचा हरवलेला कर्ता परत मिळेल, आणि मग शेजारच्या रकान्यांतील तुलनेस तुलना म्हणता येईल.