‘पारंपरिक’ ठरवायचं कशावरून? मल्लखांब आणि कराटे

कराटे क्लासच्या पाटीवर ‘ट्रॅडिशनल ओकिनावन’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. मल्लखांबाच्या प्रात्यक्षिकात निवेदक ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणतो, तेही ऐकलं असेल. दोन्हीकडे पारंपरिक म्हणजे जुनं, असं धरलेलं असतं. हा निकष तपासून बघूया.

आधी कराटे. ‘पिनान’ काता इतोसु आंको यांनी शाळकरी मुलांसाठी रचले, तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. पट्टे आणि ‘दान’ ज्युदोकडून आले. ‘कराटे’चा अर्थ आधी ‘चिनी हात’ असाही होता. ‘रिकामा हात’ हे लेखन ओकिनावातल्या गुरूंनी १९३६ साली नाहा इथल्या बैठकीत स्वीकारलं. म्हणजे जुनेपणा लावला तर निम्मं कराटे बाद!

मल्लखांबाचंही तसंच. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख आहे. पण आजची गुरुपरंपरा सांगतात ती दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांपासून. वेताच्या मल्लखांबाची जागा पुढे दोरीने घेतली. राष्ट्रीय स्पर्धा तर विसाव्या शतकातल्याच. ‘मूळ तेच खरं’ म्हणायचं, तर दोरीवरच्या मुलींना आपण कुठे बसवणार?

माझ्या मते वय हा निकषच चुकीचा आहे. त्याऐवजी असं विचारावं: ही हालचाल का करायची, हे शिकवणाऱ्याला सांगता येतं का? कराटेत याला ‘बुंकाई’ म्हणतात, म्हणजे कातातल्या प्रत्येक हालचालीचा लढतीतला अर्थ उलगडणं. मल्लखांबात खांब हा प्रतिस्पर्धी मल्ल. त्याला एरंडेल लावतात, म्हणजे घर्षण कमी होतं आणि पकड स्नायूंच्या जोरावरच टिकवावी लागते. अढी घालताना मांड्यांची पकड का घट्ट हवी, ते कुस्तीतून कळतं.

यावर आक्षेप येईल की हेतू तर बदलतातच; आज मल्लखांब कुस्तीसाठी कोण करतं? खरं आहे. बदल चालेल, पण तो बदल आहे हे माहीत हवं. गुणांसाठी नुसत्या दिखाऊ पोझ बसवून घेतल्या आणि पकडीचं कारण कुणी सांगितलंच नाही, तर खांब राहील, विद्या जाईल.

२०२० मध्ये मल्लखांबाचा ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धेत समावेश जाहीर झाला. त्यामुळे ‘पारंपरिक’ या शिक्क्याला आता पैसा आणि प्रतिष्ठा चिकटली आहे. मुलांना क्लासला घालताना ‘किती जुनं?’ विचारू नका. एखादी पकड दाखवून ‘ही अशीच का?’ एवढं विचारा.