श्रेयांक आले, सरावाचे तास कुठे आहेत?

तीन चाचण्यांचे गुण ६५, ६७ आणि ६८. त्यांची सरासरी काढणारा प्रोग्राम पहिल्या वर्षाची संगणकशास्त्राची विद्यार्थिनी 'सी' भाषेत लिहिते. उत्तर येते ६६. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही, पण खरे उत्तर सुमारे ६६.६७ आहे. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की 'सी' अपूर्णांकाचा भाग टाकून देते. फळ्यावर हे सांगायला एक मिनिट पुरते. अंगवळणी पडायला मात्र स्वतः अडखळावे लागते, आकडे बदलून पाहावे लागतात. हा वेळ आपल्या नव्या रचनेत कुठे धरला आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार श्रेयांकांची (क्रेडिटची) रचना २०२४-२५ पासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत आली, तशी जालना जिल्ह्यातही आली. परदेशी विद्यापीठांसारखी विषयनिवडीची मोकळीक तिच्यात आहे, तिचे आम्ही स्वागतच करतो. आमचा आक्षेप तासांच्या हिशेबाला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात व्याख्यानाचे तीन श्रेयांक म्हणजे पंधरा आठवड्यांत ४५ तास अध्यापन. अमेरिकेतील व्याख्येत मात्र वर्गातील प्रत्येक तासामागे विद्यार्थ्याचे वर्गाबाहेरचे किमान दोन तास धरले आहेत. म्हणजे ४५ तासांच्या जोडीला आणखी ९०. आपण शिक्षकाचे तास मोजले. विद्यार्थ्याचे तास मोजायचे राहिले.

मंठा किंवा भोकरदनहून एसटीने ये-जा करणाऱ्या, घरी संगणक नसलेल्या मुलीने हे ९० तास कुठून आणावेत? मग जर्नलमध्ये मैत्रिणीचा प्रोग्राम उतरवला जातो. गुण मिळतात, पण ६६ का आले ते कळत नाही. अशा मुलीला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. तासिका संपल्यावर प्रयोगशाळा तासभर उघडी ठेवावी; दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आळीपाळीने तिथे मदतीला बसावे. जर्नलमध्ये बरोबर प्रोग्रामइतकेच महत्त्व 'माझे कुठे चुकले' या नोंदीला द्यावे. घरी संगणक नसला तरी वही असतेच: प्रोग्रामची एकेक ओळ वाचून प्रत्येक चलाची किंमत कागदावर मांडता येते. ही सवय अकरावीतच लावता येईल, आणि ते काम शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांचे आहे.

वरचे उदाहरण उद्या वर्गात द्या. उत्तर लगेच सांगू नका.